मुलांचे दात बदलताना चावण्याची ताकद कशी घडते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वयाच्या सहाव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत मुलाच्या तोंडात दुधाचे आणि कायमचे दात एकत्र नांदतात. काही हलतात, काही अर्धवट वर आलेले असतात, कुठे नुसती हिरडी असते. आणि याच तोंडाने त्याला रोज तीन वेळा जेवायचे असते. या काळात पालकांचे सगळे लक्ष पुढच्या दातांकडे, म्हणजे ते वाकडे येतात की सरळ याकडे लागलेले असते. चावण्याचे खरे काम मात्र मागच्या दाढांवर आणि त्यांना चालवणाऱ्या स्नायूंवर होते. हे प्रश्न त्याविषयी आहेत.

चावण्याचे स्नायू कोणते? ते हाताला लागतात का?

दोन नक्की लागतात. मुलाला दाढा घट्ट आवळायला सांगा आणि त्याच्या गालावर, जबड्याच्या कोपऱ्याच्या थोडे पुढे, बोटे ठेवा. जो टणक फुगवटा येतो तो मॅसेटर. मग बोटे कानशिलावर ठेवा. दात आवळताच तिथेही हालचाल जाणवते. तो पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस. तिसरा मीडियल टेरिगॉइड, तो जबड्याच्या आतल्या बाजूला असल्याने बाहेरून लागत नाही. हे तिघे मिळून जबडा मिटतात. चौथा लॅटरल टेरिगॉइड जबडा पुढे आणि बाजूला नेतो, तोंड उघडतानाही मदत करतो. या चौघांना मेंदूकडून येणारी मज्जातंतू एकच, मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंपैकी पाचवी.

पण चावणे एवढ्यावर होत नाही. जीभ घास आतून दाढांवर ढकलते आणि गालाचा स्नायू बाहेरून. हे ढकलणे जमले नाही तर ताकद असूनही घास दाढेखाली टिकत नाही, गालात जाऊन बसतो. लहान मुलांच्या बाबतीत ताकदीपेक्षा हा मेळच जास्त वेळा कमी पडतो.

दात आलेच नाहीत, तर बाळाला दाणेदार अन्न कसे द्यायचे?

द्यायचेच. बाळ सहा महिन्यांचे झाले की हिरड्यांनी मऊ अन्न चिरडू शकते. दूध ओढताना जीभ आणि जबडा पुढे-मागे, वर-खाली हलतात. चावणे ही त्याहून वेगळी हालचाल आहे आणि ती सरावानेच येते. सातव्या-आठव्या महिन्यात बाळ जबडा नुसता वर-खाली करून चिरडते. नवव्या महिन्याच्या सुमारास जीभ घास बाजूला नेऊ लागते. जबड्याची गोल, दळल्यासारखी फिरकी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत पक्की होत जाते.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे मिक्सर. वर्षभर सगळे गुळगुळीत करून भरवले की बाळ गिळायला शिकते, चावायला नाही. दाणेदार अन्न नऊ-दहा महिन्यांच्या पुढे लांबले तर नंतर खाण्याच्या तक्रारी वाढतात, असे दिसून आले आहे. म्हणून सुरुवातीचे दोनेक आठवडे नाचणीची पेज आणि पातळ वरण-भात झाला की मिक्सर बाजूला ठेवा आणि वाटीतच चमच्याने कुस्करा. आठव्या महिन्यात थोडे दाणे तसेच राहू द्या. नवव्यात उकडलेला बटाटा, लाल भोपळा, पिकलेले केळे, इडली यांचे बोटाएवढे तुकडे बाळाच्या हातात द्या. तुकडा योग्य आहे का, याची कसोटी सोपी आहे: तुमच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरून हलके दाबल्यावर तो चिरडला गेला पाहिजे.

दुधाचे दात येत जातात तसा चावण्यात काय फरक पडतो?

सहाव्या ते बाराव्या महिन्यात येणारे पटाशीचे दात फक्त तोडतात, दळत नाहीत. पहिल्या दुधाच्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांत येतात, सुळे १६ ते २३ महिन्यांत आणि दुसऱ्या दाढा २३ ते ३३ महिन्यांत. तीन वर्षांचे होईतो २० दात पूर्ण होतात. चार-सहा महिने पुढे-मागे झाले तर घाबरू नये.

वरची आणि खालची पहिली दाढ एकमेकींना भेटतात तो टप्पा महत्त्वाचा. तोवर जबड्याला मिटायला ठराविक जागा नसते, प्रत्येक वेळी तो थोडा वेगळ्या ठिकाणी मिटतो. दाढ दाढेवर बसली की दातांच्या मुळांभोवतीच्या संवेदी तंतूंकडून मेंदूला दर घासाला खबर जाते: किती जोर लागला, कुठून लागला, अन्न किती कडक आहे. त्या खबरींवर स्नायूंची लय बसत जाते. म्हणूनच दीड वर्षाच्या मुलाला मटणाचा तुकडा किंवा कच्चे गाजर चावत नाही म्हणून रागावण्यात अर्थ नाही. त्यासाठी लागणारे जाते अजून बसलेलेच नसते.

मूल मोठ्या माणसासारखे कधी चावू लागते?

बऱ्याच पालकांना वाटते त्यापेक्षा उशिरा, साधारण बाराव्या वर्षी.

समोर बसून नीट पाहा. मोठा माणूस तोंड जवळजवळ सरळ खाली उघडतो, मग जबडा बाजूला नेतो आणि दाढा एकमेकींवर घासत मिटतो. लहान मूल तोंड उघडतानाच जबडा बाजूला नेते आणि मग मिटते. दुधाचे सुळे आखूड असतात आणि पुढे झिजून बोथट होतात, त्यामुळे जबडा बाजूला सरकताना त्याला अडवणारे काही नसते. कानापुढच्या सांध्यातला हाडाचा उंचवटाही जन्मतः जवळजवळ सपाट असतो आणि वयाबरोबर वाढतो. कायमचे सुळे जागेवर येतात त्याच सुमारास मुलाची पद्धत बदलून मोठ्यांसारखी होते. तेव्हा आठ वर्षांचे मूल ‘गाईसारखे रवंथ करते’ अशी तक्रार असेल, तर ते त्याच्या वयाला साजेसेच चावते आहे.

चावण्याची ताकद मोजली तर किती भरते?

दाढांमध्ये छोटे उपकरण ठेवून ती मोजतात. उपकरणागणिक आकडे बदलतात, म्हणून यांच्याकडे अंदाज म्हणूनच पाहावे. फक्त दुधाचे दात असताना ही ताकद साधारण १५० ते २५० न्यूटन भरते, म्हणजे ढोबळमानाने १५ ते २५ किलो वजनाइतका दाब. दात बदलण्याच्या काळात ती ३००-४०० न्यूटनपर्यंत चढते आणि कायमचे दात पूर्ण आल्यावर ५०० किंवा त्याहून वर जाते. मुलगे आणि मुली यांच्यातला ठळक फरक वयात येतानाच दिसतो.

तरीही ताकद म्हणजे चावण्याची क्षमता नव्हे. घास किती बारीक होतो हे मुख्यतः वरच्या-खालच्या दाढांचा एकमेकींना टेकणारा पृष्ठभाग किती आहे यावर ठरते. दोन दाढा किडून पोखरल्या असतील तर स्नायू कितीही दणकट असले तरी घास भरडच राहतो.

सात वर्षांचे मूल पूर्वी सगळे खायचे, आता पेरू नको, भाकरी नको म्हणते. हा हट्ट आहे का?

बहुतेक वेळा नाही. दात बदलण्याचे तीन टप्पे असतात आणि प्रत्येकाची अडचण वेगळी असते.

सहा ते आठ वर्षांत वरचे-खालचे चार-चार पटाशीचे दात बदलतात आणि मागे पहिली कायमची दाढ येते. पुढचे दात नसले की मुलाला तोडता येत नाही. अख्खा पेरू, कणसाचे दाणे, उसाचे कांडे हे सगळे पुढच्या दातांनी तोडायचे पदार्थ. पण दुधाच्या दाढा शाबूत असतात, म्हणजे दळण चालू असते. पेरूच्या फोडी करून द्या, कणसाचे दाणे सोलून द्या, मूल पहिल्यासारखे खाते. पुढचे दात नाहीत म्हणून सगळेच मऊ करून देण्याची काही गरज नसते.

आठ ते दहा हा तुलनेने शांत काळ. दाढांची बारा जागांची घडी भरलेली असते. चावण्याचा सराव वाढवायला यासारखा काळ नाही.

दहा ते बारा हा खरा अडचणीचा टप्पा, आणि त्याच्याकडेच सगळ्यांचे दुर्लक्ष होते, कारण समोरून हसताना काही दिसत नाही. दुधाच्या आठही दाढा या काळात पडतात आणि त्यांच्या जागी उपदाढा येतात. पडण्याआधी दाढेचे मूळ विरघळत जाते, दाढ हलते, दाबल्यावर दुखते. मुळाभोवतीच्या तंतूंकडून मेंदूला नीट खबर जात नाही, त्यामुळे स्नायू आपोआप जोर आवरतात. नवी उपदाढ हिरडीतून डोकावली तरी समोरच्या दाताला टेकेपर्यंत काही महिने जातात. तिचे मूळ पूर्ण व्हायला तर आणखी दोन-तीन वर्षे लागतात. एकाच वेळी दोन-तीन जागा अशा अवस्थेत असल्या की मूल सगळा भार सहाव्या वर्षी आलेल्या दाढेवर टाकते किंवा घास नीट न चावता गिळते.

या काळात ताटातले पदार्थ कमी करू नका, त्यांचा आकार आणि ओलावा बदला. ज्वारीची भाकरी कोरडी देण्याऐवजी आमटीत किंवा ताकात कुस्करून द्या. गाजराचा कीस न करता पातळ चकत्या करून एक वाफ द्या. मटकी-मूग मऊ शिजवा, पण वाटू नका. दुखरी दाढ पडली की आठवडाभरात पहिले खाणे परत सुरू करा. इथेच घोटाळा होतो. मऊ खाण्याची सवलत दुखण्यापुरती दिलेली असते, पण ती वर्षभर चालते आणि मग मुलालाच चावण्याचा कंटाळा येतो.

सहाव्या वर्षी मागे एक दाढ आली, पण पडले तर काहीच नाही. ती दुधाची का?

नाही, ती कायमची आहे. शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, रिकाम्या जागेत येते. आधी काही पडत नसल्याने घरात कोणाला पत्ताच लागत नाही आणि ‘पडेल आणि दुसरी येईल’ असे समजून ती किडू दिली जाते. आपल्याकडे मुलांच्या तोंडात बरेच नुकसान या एका गैरसमजाने होते.

पुढची पाच-सहा वर्षे, दुधाच्या दाढा पडत असताना, चावण्याचा मुख्य भार हीच दाढ उचलते. ती येताना काही आठवडे तिच्यावर हिरडीची झालर असते. त्याखाली अन्न अडकून हिरडी सुजते आणि मूल त्या बाजूने चावत नाही. अशा वेळी मऊ ब्रश आडवा धरून, गालाच्या बाजूने आत नेऊन ती दाढ वेगळी घासावी लागते. ती इतर दाढांपेक्षा खाली असल्याने नेहमीच्या घासण्यात ब्रश तिच्यावरून निघून जातो. कोमट पाण्यात थोडे मीठ घालून दिवसातून दोन-तीन वेळा चूळ भरू द्या. दाढ पूर्ण वर आली की दंतवैद्याकडून तिच्या खाचांत सीलंट, म्हणजे कीड रोखणारा पातळ थर, भरून घ्या. त्यात दाढ कोरावी लागत नाही, इंजेक्शनही नसते.

दुधाची दाढ किडली आहे. ती पडणारच आहे, मग कशाला उपचार?

कारण ती उद्या पडणार नाही. दुसरी दुधाची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत राहते. पाचव्या वर्षी ती किडली, तर पुढची पाच ते सात वर्षे चावण्याचा प्रश्न आहे.

दुखणारी दाढ मूल टाळते आणि चावणे दुसऱ्या बाजूला जाते. काही महिन्यांत तीच सवय होते. दुखणे थांबल्यावरही मूल त्या बाजूला परत जात नाही, कारण मेंदूने नवा रस्ता पक्का केलेला असतो. पाच वर्षांच्या मुलाला दुखणे नेमके सांगताही येत नाही. ते म्हणते, ‘मला पोळी आवडत नाही.’ आणि आपण म्हणतो, ‘याचे खाण्याचे फार नखरे आहेत.’

दुसरे नुकसान जागेचे. दाढ वेळेआधी काढली तर मागची सहाव्या वर्षाची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या उपदाढेला वाट उरत नाही. ती आतल्या किंवा बाहेरच्या बाजूने येते आणि समोरच्या दाढेवर नीट बसत नाही. म्हणजे पाचव्या वर्षी काढलेल्या दाढेची किंमत बाराव्या वर्षी चावताना मोजावी लागते.

उपचार किडीच्या खोलीप्रमाणे ठरतात. कीड वरवर असेल तर सिमेंट किंवा कंपोझिट भरतात. नसेजवळ पोचली असेल तर नसेचा वरचा भाग काढून औषध भरतात. खूप पोखरली असेल तर वर स्टीलची तयार कॅप बसवतात. ही कॅप दिसायला चांदीसारखी असल्याने पालक नको म्हणतात, पण मागच्या दाढेसाठी ती उत्तम टिकते आणि दाढेबरोबरच पडते. पहिले तीन-चार दिवस कॅप उंच वाटते, मूल जबडा नीट मिटत नाही. आठवड्यात ते जुळते. त्यानंतरही उंचच वाटत असेल तर दाखवावे.

दाढ काढावीच लागली तर जागा राखणारी तार, म्हणजे स्पेस मेंटेनर, शक्य तितक्या लवकर बसवून घ्या. सरकण्याचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त असतो. ही तार बिघडते ती बहुधा दोन कारणांनी: चिकट चिक्की किंवा च्युइंग गमने तारेचे दाढेवर बसवलेले कडे ओढले जाते, किंवा कड्याखालचे सिमेंट हळूहळू विरघळते आणि आत कीड लागते. म्हणून ती दुखत नसली तरी दर तीन ते सहा महिन्यांनी तपासावी. खालची उपदाढ वर येताना दिसली की ही तार काढून टाकायची असते. विसरून तशीच राहिली तर तीच नव्या दातात अडथळा होते.

मूल एकाच बाजूने चावते, हे कसे ओळखावे?

काकडीचे किंवा वाफवलेल्या गाजराचे सारख्या आकाराचे दहा तुकडे घ्या. एकेक तुकडा जिभेच्या मधोमध ठेवायला सांगा आणि पहिले दोन-तीन चावे कोणत्या बाजूने पडतात ते पाहा. मुलाला कळू देऊ नका की तुम्ही मोजता आहात. सहा-चार, सात-तीन असे आले तर चालते, प्रत्येकाची एक आवडती बाजू असते. दहापैकी नऊ-दहा एकाच बाजूने आले आणि आठवड्याने पुन्हा तसेच आले, तर कारण शोधावे. आधी दुसऱ्या बाजूला कीड, हलती दाढ किंवा हिरडीची सूज आहे का ते पाहा. यांपैकी काही सापडले तर उपाय तिथेच आहे.

काहीच सापडले नाही तर एक गोष्ट तपासून घ्यावी: क्रॉसबाइट. सामान्यतः वरच्या दाढा खालच्या दाढांच्या किंचित बाहेर बसतात, डब्याच्या झाकणासारख्या. वरचा जबडा अरुंद असेल तर एका बाजूला हे उलटे होते आणि दात नीट मिटावेत म्हणून मूल जबडा बाजूला सरकवून बसवते. आरशासमोर तोंड हळू मिटायला लावा. उघडे असताना हनुवटी मधोमध आणि मिटताना एका बाजूला सरकत असेल, तर हीच शंका. दोन्ही बाजूंचे स्नायू असमान काम करू लागतात आणि वाढत्या वयात चेहऱ्याची ठेवणही तिरकी होऊ शकते.

ही गोष्ट ‘सगळे दात येऊ देत, मग तारा लावू’ म्हणून थांबवायची नाही. वरच्या जबड्याचा मधला सांधा लहान वयात सहज रुंदावतो, त्यामुळे सात ते नऊ वर्षे हा उपचाराला चांगला काळ. टाळूवर बसवलेल्या प्लेटचा स्क्रू ठरलेल्या दिवशी पाव फेरा फिरवतात, दर वेळी साधारण पाव मिलिमीटर. किती दिवसांनी फिरवायचा हे दंतवैद्यच सांगतात. राहून गेलेले फेरे एकदम फिरवायचे नाहीत. दात जुळल्यावरही स्नायूंची जुनी सवय मोडायला काही महिने लागतात, म्हणून प्लेट लगेच काढत नाहीत.

घास तोबरा भरून धरतो, अर्धा-अर्धा तास गिळत नाही. काय करावे?

आधी नाक पाहा. नाक चोंदलेले असेल किंवा ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढलेले असतील तर मूल तोंडाने श्वास घेते. तोंड मिटून चावायचे तर श्वास कोंडतो, म्हणून ते घास गालात ठेवून मध्ये थांबते. तोंड उघडे टाकून झोपणे, घोरणे ही सोबतची लक्षणे. अशा मुलाला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे. खाण्याच्या सवयीवर कितीही रागावून उपयोग नाही.

मग दाढा पाहा, टॉर्च लावून. मग दूध मोजा. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिणाऱ्या मुलाला मुळात भूकच नसते. आणि शेवटी मोबाइल. पडद्याकडे पाहताना चावण्याची लय थांबते, हे कोणत्याही जेवणात डोळ्यांनी दिसते.

हे सगळे ठीक असेल तर घास लहान करा, सुपारीएवढा. तो जिभेवर मधोमध न ठेवता दाढेच्या बाजूला, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ठेवा. आधीचा गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका. पाण्याने घास खाली ढकलायची सवय लावू नका. पाणी घास गिळून झाल्यावर. जेवणाला २५-३० मिनिटे द्या आणि ताट उचला. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो.

मऊ खाल्ल्याने जबडा लहान राहतो आणि दात वाकडे येतात, हे खरे का?

अर्धे खरे. मऊ अन्नावर वाढवलेल्या उंदरांचे चावण्याचे स्नायू बारीक आणि जबडे अरुंद राहतात, हे प्रयोगांत दिसले आहे. माणसात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आई-वडिलांचे दात दाटीवाटीने आलेले असतील तर नुसती भाकरी खाऊन मुलाचे सरळ येणार नाहीत. पण स्नायूचा जाडपणा आणि चावण्याचे कौशल्य हे वापरावरच अवलंबून असतात, तिथे अन्नाचा परिणाम थेट होतो.

आपल्या स्वयंपाकघरात यासाठी वेगळे काही आणायला नको. भाकरी, थालीपीठ, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, काकडी-मुळा-गाजर, पेरू, सुके खोबरे, भाजलेले चणे, हुरड्याच्या दिवसांत हुरडा. दिवसातून दोन जेवणांत एखादा तरी पदार्थ असा असावा, ज्याला एका घासाला पंधरा-वीस चावे लागतात. दूध-बिस्कीट, नूडल्स, ब्रेड, मऊ भात यांना चार-पाच चावे पुरतात. सबंध दिवस यांवरच गेला तर स्नायूंना कामच मिळत नाही.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, चणे, फुटाणे, पॉपकॉर्न देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात. द्राक्षे उभी चार भागांत चिरून द्यावीत. कच्चे गाजर तीन-चार वर्षांपर्यंत वाफवून किंवा किसून द्यावे. पळत, हसत किंवा आडवे पडून कोणतेच कडक खाणे नको.

‘बत्तीस वेळा चावून खा’ हे मुलांना लागू आहे का?

आकडा धरू नका. चोविसाव्या दातापर्यंतही न पोचलेल्या मुलाला मोजत चावायला लावले की ते जेवणच टाळते. गिळण्याआधी घासात जिभेला कडक गाठ लागू नये, एवढे सांगा.

रात्री झोपेत दात खातो. जंत झाले असतील का?

दात खाणे या वयात फार आढळते आणि बहुतेक मुलांत दात बदलून झाल्यावर आपोआप कमी होते. जंतांशी त्याचा पक्का संबंध सिद्ध झालेला नाही. जंतांचे औषध त्याच्या स्वतंत्र गरजेपोटी शाळेत-अंगणवाडीत मिळते, ते घ्यावेच. पण सकाळी उठल्यावर कानशिले दुखत असतील, दात झिजून पिवळे दिसत असतील किंवा मूल घोरत असेल तर दाखवावे.

आतल्या बाजूने दुसरा दात आला, पुढचा पडलाच नाही.

खालच्या पटाशीच्या दातांत हे नेहमी होते. दुधाचा हलत असेल तर दोन-तीन महिने थांबा. तो पडला की जीभ नव्याला पुढे ढकलते. अजिबात हलत नसेल तर काढून घ्यावा.

चावण्याचा सराव म्हणून च्युइंग गम किंवा जबड्याच्या व्यायामाचे रबर द्यावे का?

रबर नको. वाढत्या सांध्यावर विनाकारण भार येतो आणि हलत्या दातांवरही. साखर नसलेला गम सहा वर्षांवरच्या, न गिळणाऱ्या मुलाला जेवणानंतर पाच-दहा मिनिटे चालतो. तो जेवणाची जागा घेत नाही.

मुलाचे तोंड पुरेसे उघडते का, हे कसे पाहायचे?

मुलाला स्वतःचीच तर्जनी, मधले आणि अनामिका अशी तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन सहज गेली पाहिजेत. पुढचे दात पडलेले असतील तर तीन बोटे सहज जातात आणि चाचणी फसवते. अशा वेळी नवे दात आल्यावर पुन्हा पाहा.

हा प्रश्न महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे, कारण सुपारी. गोड सुगंधी सुपारीची पुडी शाळेबाहेर मिळते आणि घरातले मोठेही कौतुकाने हातावर ठेवतात. सुपारीने गालाच्या आतल्या त्वचेखाली ताठ तंतू तयार होतात. आधी तिखट झोंबू लागते, मग गाल पांढुरका आणि कडक लागतो, मग तोंड उघडणे कमी होत जाते. मूल घास लहान घेते, शिट्टी वाजवता येत नाही, गाल फुगवता येत नाही. इथे स्नायू चांगले असूनही जबडा अडकतो. झालेला ताठपणा पूर्ण परत जात नाही आणि पुढे त्याचे कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका राहतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मुलाच्या हातातली सुपारी थांबवणे घरच्यांच्याच हातात आहे. गोड असो, भाजकी असो, मुलाला सुपारी अजिबात नको.

दंतवैद्याकडे केव्हा न्यावे?

पहिला दात आल्यावर, वर्षाच्या आत एकदा. नंतर दर सहा महिन्यांनी. दीड वर्ष झाले तरी एकही दात नाही, एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा तोच दात आला नाही, चावताना कानापुढे टकटक आणि दुखते, चार वर्षांनंतरही अंगठा चोखणे चालू आहे, किंवा दात मिटल्यावर पुढे फट राहून त्यातून जीभ बाहेर येते, यांपैकी काही असेल तर सहामाहीची वाट पाहू नका.

जबडा अचानक आवळला गेला, तोंड उघडतच नाही, सोबत ताप, मान ताठ किंवा नुकतीच झालेली जखम असेल तर दंतवैद्याकडे न जाता थेट रुग्णालयात जा. धनुर्वाताची सुरुवात अशीच, चावण्याच्या स्नायूंपासून होते. जाताना मुलाचे लसीकरणाचे कार्ड बरोबर घ्या.